पुन्हा पुन्हा सुजणारे स्वादुपिंड

पोट दुखले की आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द बाहेर पडतो तो ‘पित्त’. कोणी ओवा चावतो, कोणी लिंबू-सोडा पितो, कोणी औषधांच्या दुकानातून गुलाबी औषधाची बाटली आणून दोन झाकणे घशाखाली घालतो. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण काही दुखणी जठराची नसतात आणि पित्ताशयाचीही नसतात. ती त्यांच्यामागे दडून बसलेल्या स्वादुपिंडाची असतात. मधुमेहामुळे स्वादुपिंड हे नाव आता पुष्कळांच्या कानावरून गेले आहे. परंतु ते सुजते कशाने आणि दुखते कसे, याची माहिती फार थोड्यांना असते.

स्वादुपिंडाला वारंवार सूज येण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका दुर्मिळ कारणाविषयी आज लिहायचे आहे. हे कारण वेळीच ओळखले, तर कर्करोग होण्याआधीच तो भाग काढून टाकता येतो. ‘दुर्मिळ’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पोटदुखीच्या प्रत्येक रुग्णाने कर्करोगाची धास्ती घ्यावी, असे मुळीच नाही. पण स्वादुपिंडाचा कर्करोग सहसा गाजावाजा न करता वाढतो आणि हाती लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. अमेरिकेच्या ताज्या आकडेवारीनुसारसुद्धा, सर्व टप्प्यांचे रुग्ण धरले तर निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरात तेराच्या आसपास आहेत. अशा आजारात शरीर जर काही वर्षे आधी दार ठोठावत असेल, तर ते कोण ठोठावते आहे हे उठून पाहिलेच पाहिजे.

कृष्णा आणि तिच्या उपनद्या

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे, आडवे पसरलेले असते. लांबी साधारण पंधरा सेंटीमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. उजवीकडचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले आणि डावीकडची शेपटी प्लीहेला टेकलेली. त्याची कामे दोन. इन्सुलिन तयार करून रक्तात सोडणे हे एक, आणि रोज सुमारे लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करून आतड्यात पाठवणे हे दुसरे.

हा रस ज्या मार्गाने वाहतो तो समजण्यासाठी सातारा-सांगलीच्या वाचकाला आकृतीची गरज नाही. स्वादुपिंडाच्या मधोमध एक मुख्य नलिका जाते, ती कृष्णा समजा. माहुलीला वेण्णा मिळते, पुढे उरमोडी आणि तारळी, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. तशा या मुख्य नलिकेला दोन्ही अंगांनी बारीक उपनलिका येऊन मिळतात. शेवटी, स्वादुपिंडाच्या डोक्याशी, यकृताकडून आलेली पित्तनलिका तिला भेटते आणि बहुतेक माणसांत दोघी मिळून एकाच चिंचोळ्या तोंडातून आतड्यात उघडतात. निरोगी माणसात मुख्य नलिका जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असते. एवढीशी वाट तुंबायला वेळ लागत नाही.

आणि तुंबली की पंचाईत होते. कारण हा रस साधा नाही. मटणाचा तुकडा विरघळवण्याची ताकद त्यात असते. एरवी तो निष्क्रिय अवस्थेत वाहतो आणि आतड्यात पोचल्यावर जागा होतो. वाट अडली किंवा पेशींना इजा झाली, तर तो जागच्या जागी कार्यरत होतो आणि ज्या ग्रंथीने त्याला तयार केले तिलाच पचवू लागतो. यालाच स्वादुपिंडदाह म्हणतात. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली जोराची कळ येते. ती आरपार पाठीत जाते. उताणे निजवत नाही, पुढे वाकून गुडघे पोटाशी घेऊन बसले तर थोडे बरे वाटते. उलट्या होतात, आणि उलटी झाल्यावरही आराम पडत नाही. जठराच्या दुखण्यापेक्षा हे दुखणे वेगळे असते. एकदा भोगलेला माणूस दुसऱ्या वेळी स्वतःच ओळखतो.

रक्तातले अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक वाढलेले असेल, तर निदान पक्के व्हायला मदत होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमायलेज तीन ते पाच दिवसांत पुन्हा खाली येते. माण-खटावातला किंवा जत-आटपाडीतला रुग्ण दोन दिवस घरी काढतो, तिसऱ्या दिवशी गावच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतो आणि पाचव्या दिवशी शहरात येतो. तोवर अमायलेज ठीक आलेले असते आणि कागदावर ‘स्वादुपिंड नॉर्मल’ अशी समजूत होऊन बसते. लायपेज आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ वाढलेले राहते. म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात लायपेज तपासणे शहाणपणाचे.

खडे, दारू आणि बाकीची मंडळी

स्वादुपिंडदाहाची दोन कारणे इतकी नेहमीची आहेत की डॉक्टर पहिल्यांदा त्यांचाच विचार करतात, आणि तसे करणे बरोबरच आहे. पित्ताशयातला बारीक खडा घरंगळत येऊन त्या चिंचोळ्या तोंडाशी अडकतो, हे एक. दुसरे म्हणजे दारू. त्यानंतर रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी हजाराच्या वर जाणे, कॅल्शियम वाढणे, काही औषधे, गालगुंड, पोटाला बसलेला जबर मार, अशी यादी आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रत्येक मुलाला या यादीतले एक कारण हमखास पाठ असते, ते म्हणजे त्रिनिदाद बेटावरच्या विंचवाचा दंश! आपल्याकडचा लाल विंचू मुख्यतः हृदयावर घाला घालतो. घाटापलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर जे काम केले ते जगभर वाचले गेले. पण तो वेगळा विषय.

दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, तरुण वयातच स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे तयार होण्याचा एक आजार पूर्वीपासून माहीत आहे. त्याचे रुग्ण महाराष्ट्रातही दिसतात. लहानपणापासून पोटदुखी, विशी-तिशीत मधुमेह आणि क्ष-किरण चित्रात पांढरे ठिपके, असे त्याचे रूप असते. अशा दीर्घकाळच्या दाहानेही पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णाने वर्षानुवर्षे नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर राहू नये.

आता समजा, खटाव तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत. वय बासष्ट, गळ्यात तुळशीची माळ, सुपारीचेही खांड तोंडात टाकत नाहीत. एका रात्री कळ येते, उलट्या होतात. गावात सलाईन लागते, दोन दिवसांत बरे वाटते. दोष जातो आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जेवणावर. आठ महिन्यांनी पुन्हा तीच कळ. या वेळी शहरातल्या दवाखान्यात अमायलेज वाढलेले दिसते. डॉक्टर हळूच विचारतात, “गुरुजी, कधी घेता का?” गुरुजींच्या आधी घरच्या बाईच उत्तर देतात, “अहो, माळकरी आहेत ते!” सोनोग्राफीत पित्ताशयात थोडा गाळ दिसतो. पित्ताशय काढले जाते. सगळ्यांना वाटते, सुटलो. वर्षभराने तिसऱ्यांदा कळ येते. मधल्या काळात साखर वाढलेली निघते, ती वयावर ढकलली जाते. वजन पाच-सहा किलो उतरते, ते साखरेवर ढकलले जाते.

यातले प्रत्येक उत्तर त्या त्या वेळी पटण्यासारखेच होते. पण तिन्ही झटके शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की प्रश्न उभा राहतो: खडा नाही, दारू नाही, पित्ताशयच राहिलेले नाही, मग नलिका तुंबवते कोण?

उलट बाजूही आहे. जो माणूस दारू पितो त्याच्या बाबतीत दुसरे कारण शोधायला कोणी जातच नाही. ‘पितोय, मग दुखणारच’ असे घरचेही म्हणतात आणि कधी कधी दवाखान्यातही म्हटले जाते. दारू पिणाऱ्यालाही दुसरा आजार होऊ शकतो.

नलिकेतला चिकट स्राव

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागाईतदाराला ठिबकच्या नळ्या कशा चोंदतात ते सांगायला नको. नळी बाहेरून धड दिसते, मोटर चालू असते, पण आत शेवाळाचा बुळबुळीत थर साचतो आणि पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही. दाब वाढला की कधी तो थर स्वतःच सुटून वाहून जातो आणि काही दिवस सारे सुरळीत चालते. पुन्हा थर धरतो, पुन्हा चोंदते.

स्वादुपिंडात असेच काहीसे घडवणारी एक वाढ आहे. नलिकेच्या आतल्या अस्तरातील पेशी बदलतात, मखमलीसारखे बारीक कोंब धरतात आणि शेंबडासारखा दाट, चिकट स्राव तयार करू लागतात. हा स्राव नलिका अडवतो, फुगवतो, मागे दाब वाढतो आणि दाहाचा झटका येतो. स्राव सरकला की झटका आपोआप ओसरतो. म्हणूनच हे झटके पुष्कळदा सौम्य असतात, दोन-चार दिवसांत निवळतात आणि रुग्णाला व डॉक्टरांनाही गाफील ठेवतात. या वाढीचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. अहवालात ते ‘आयपीएमएन’ एवढेच लिहिलेले असते. तेवढी अक्षरे लक्षात ठेवली तरी पुरे.

हा आजार वैद्यकशास्त्रालाही तसा अलीकडेच समजला. १९८२ मध्ये जपानमध्ये ओहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद केली. दुर्बिणीतून पाहताना स्वादुपिंडाच्या नलिकेचे आतड्यातले तोंड फुगून उघडे पडलेले दिसत होते आणि त्यातून चिकट स्राव बाहेर येत होता. ते तोंड माशाच्या तोंडासारखे दिसते असे वर्णन पुढे रूढ झाले. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधीच्या अशा पुष्कळ रुग्णांवर ‘जुनाट स्वादुपिंडदाह’ असा शिक्का मारून विषय संपवला गेला असणार, हे उघड आहे.

या पेशींचा प्रवास पायऱ्यापायऱ्यांनी होतो. आधी किंचित बदल, मग तीव्र बदल आणि शेवटी नलिकेची भिंत फोडून बाहेर पडणारा कर्करोग. या प्रवासाला सहसा कित्येक वर्षे लागतात आणि सगळेच प्रवासी शेवटच्या मुक्कामाला पोचतात असेही नाही. कोण पोचण्याची शक्यता अधिक, हे मुख्यतः जागेवरून ठरते. वाढ कृष्णेत म्हणजे मुख्य नलिकेत असेल, तर धोका मोठा. अशा ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या त्यांच्यातील निम्म्याहून अधिक जणांत तीव्र बदल किंवा कर्करोग आढळला आहे. वाढ फक्त एखाद्या वेण्णेत-उरमोडीत म्हणजे उपनलिकेत असेल, तर धोका बराच कमी. अशा लहान पिशव्या उतारवयात पुष्कळांच्या स्वादुपिंडात असतात. मूतखड्यासाठी किंवा कंबरदुखीसाठी तपासणी करायला गेले आणि अहवालात ‘स्वादुपिंडात आठ मिलिमीटरची सिस्ट’ असे छापून आले, की घरात सुतकी वातावरण पसरते. त्याची गरज नसते. अशा बहुतेक सिस्ट आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. त्यांच्यावर ठरावीक काळाने नजर ठेवावी लागते, इतकेच.

पण त्याच सिस्टच्या जोडीला दाहाचा झटका असेल, तर हिशेब बदलतो. या आजाराचे निकष ठरवण्यासाठी जगभरचे तज्ज्ञ वेळोवेळी एकत्र येतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या क्योटो मार्गदर्शक सूचनांत स्वादुपिंडदाहाचा झटका ही काळजी करण्याजोगी खूण मानली आहे. सिस्ट तीन सेंटीमीटर किंवा मोठी असणे, मुख्य नलिका पाच ते नऊ मिलिमीटरपर्यंत रुंदावणे, गेल्या वर्षभरात नव्याने मधुमेह होणे किंवा जुना मधुमेह एकाएकी बिघडणे, सिस्ट भराभर वाढणे, याही तशाच खुणा. आणि कावीळ होणे, नलिका दहा मिलिमीटर किंवा त्याहून रुंद होणे, सिस्टमध्ये पाच मिलिमीटर किंवा मोठी, रक्तपुरवठा असलेली गाठ दिसणे, या त्याहून गंभीर खुणा. त्या दिसल्यावर रुग्णाची प्रकृती झेपणारी असेल तर शस्त्रक्रियेचाच विचार करतात.

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांची हकीकत वाचकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल केले, तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य सूज असल्याचे सांगण्यात आले होते. नंतर ते उपचारांसाठी अमेरिकेला गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. येथे कोणाच्या निदानात खोट काढायची नाही. त्यांचा आजार म्हणजे या लेखातली कर्करोगपूर्व वाढ होती असेही म्हणायचे नाही. पण स्वादुपिंडाची सूज आणि स्वादुपिंडाचा कर्करोग हे दोन शब्द मराठी-कोकणी घरांत एकाच माणसाच्या संदर्भात उच्चारले गेले ते त्या वर्षी. सुजेमागे गाठ असू शकते, हे त्यातून ध्यानात यावे. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवले आहे की, चाळिशीनंतर कारण न सापडणारा स्वादुपिंडदाह झाला तर गाठीची शक्यता विचारात घ्यावी.

सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे काय?

आपल्याकडे सोनोग्राफीवर लोकांचा विश्वास दांडगा. पित्ताशयातले खडे शोधायला ती उत्तमच आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र तिचे हात तोकडे पडतात. जठर आणि आतड्यातला वायू मध्ये येतो आणि मागचे काही दिसत नाही. अहवाल नीट वाचलात तर पुष्कळदा तसे वाक्यही सापडेल, की आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड पूर्ण दिसले नाही. न दिसणे आणि निर्दोष असणे यांत फरक आहे. ते वाक्य असलेला अहवाल हातात घेऊन ‘सगळे नॉर्मल आहे’ म्हणत घरी जाऊ नये.

अशा रुग्णाला पुढच्या तपासण्या लागतात. शिरेतून औषध देऊन, स्वादुपिंडासाठी खास वेळ साधून केलेले सीटी स्कॅन ही एक. दुसरी एमआरसीपी. ही एमआरआयच्याच यंत्रात होते आणि तिला क्ष-किरण लागत नाहीत. तिच्यात पाण्यासारखा द्रव पांढरा उमटतो, त्यामुळे अंधाऱ्या रात्री विमानातून नदी दिसावी तशी सगळी नलिका उपनलिकांसह दिसते. कोठे रुंद झाली, कोठे एकदम अरुंद झाली, कोणत्या उपनलिकेला पिशवी आली, ते कळते. या दोन्ही तपासण्या आता सातारा, कराड, सांगली, मिरज येथे होतात. शंका राहिलीच तर दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे यंत्र बसवलेली तपासणी करतात. दुर्बीण जठरात नेली की स्वादुपिंड अगदी भिंतीपलीकडे येते, वायूचा अडथळा राहत नाही. हवे तर सुईने पिशवीतले पाणीही काढता येते. तिच्यासाठी अनेकांना पुण्या-मुंबईला जावे लागते. रक्तातील कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड या साध्या तपासण्या मात्र त्याआधीच करून घ्याव्यात. सीए १९-९ या रक्ततपासणीचा हल्ली फार बोलबाला आहे. साध्या काविळीतही ती वाढते आणि सुरुवातीच्या कर्करोगात ती नॉर्मलही असू शकते. हौसेने करून घ्यायची ती तपासणी नव्हे.

तपासणीची वेळही महत्त्वाची. झटका ताजा असताना सारे स्वादुपिंड सुजलेले असते, आजूबाजूला पाणी साचलेले असते. त्या गर्दीत लहानशी वाढ लपून जाते. त्यामुळे सूज उतरल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने, चित्र पुन्हा काढावे लागते. नेमकी हीच फेरी आपल्याकडे चुकते. दुखायचे थांबले, पेरणी आली, ऊसतोड सुरू झाली, मुलीचे लग्न निघाले. पोट दुखत नसताना पैसे खर्चून यंत्रात कोण जाऊन पडणार? रुग्णाच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे. म्हणून घरी सोडतानाच डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख कागदावर ठळक लिहून द्यावी आणि घरातल्या तरुण माणसाला ती समजावून सांगावी.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. जोराच्या दाहानंतर स्वादुपिंडाशेजारी पाण्याची पिशवी तयार होऊ शकते. तिला आभासी सिस्ट म्हणतात आणि ती बहुधा दाहाचा परिणाम म्हणून येते. आपल्या विषयातली पिशवी मात्र दाहाचे कारण असते. चित्रात दोघी सारख्याच दिसू शकतात. मग आधी कोण, झटका की पिशवी? याचे उत्तर जुन्या फिल्म देतात. पहिल्या झटक्याच्या दिवशीच पिशवी तेथे होती असे दिसले, तर ती झटक्याने झालेली नाही हे उघड होते. अशा वेळी पाच वर्षांपूर्वीची, मूतखड्यासाठी काढलेली सीटीची सीडी सोन्याच्या मोलाची ठरते. आपल्याकडे फायली दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात, नाहीतर पावसाळ्यात माळ्यावर भिजतात. पोटाच्या प्रत्येक तपासणीचे कागद, फिल्म आणि सीडी एका पिशवीत, तारखेवार ठेवण्याची सवय लावून घ्या.

मोठी शस्त्रक्रिया, नेमकी जागा

वाढ डोक्याच्या भागात असेल तर जी शस्त्रक्रिया करतात ती अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९३५ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचे पहिले वळण, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढून उरलेले सारे नव्याने जोडायचे असते. शेपटीकडची वाढ असेल तर काम तुलनेने सोपे. तेवढा भाग काढतात, बहुधा प्लीहेसह. कर्करोग होण्याआधी ही वाढ काढली तर रुग्ण त्या दुखण्यातून बहुधा बरा होतो. पेशींनी भिंत फोडल्यानंतर तसे ठामपणे सांगता येत नाही.

पण ही शस्त्रक्रिया सोपी नाही. शिवलेल्या जोडातून पाचकरस गळू लागला तर जिवावर बेतते. जगभरचा अनुभव असा आहे की, ज्या रुग्णालयात या शस्त्रक्रिया वारंवार होतात तेथे धोका कमी असतो. म्हणून येथे ओळखीचे डॉक्टर, जवळचे गाव, भावकीतल्या कोणाची शिफारस, हे निकष बाजूला ठेवावेत. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, असे सरळ विचारावे. विचारण्यात अपमान नाही आणि चांगला सर्जन त्याचा रागही मानत नाही. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय काढले तेव्हापासून या भागाला शस्त्रक्रियेची परंपरा आहे, १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु स्वादुपिंडाचे काम ही शल्यशास्त्रातलीही वेगळी शाखा झाली आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचेच काम करते आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांचा त्यांचा अनुभव देशात मोठा आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा असे करीत रात्रीतून मुंबईला पोचवते. आपल्या भागातले कितीतरी रुग्ण त्या गाडीने जातात. खर्चाचा प्रश्न असेल तर निर्णय घेण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे. अंगीकृत रुग्णालयांत तो बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्यावे.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. लहान, शांत, उपनलिकेतल्या पिशवीसाठी सहा महिन्यांनी एकदा, मग बदल नसेल तर वर्ष-दीड वर्षाने एमआरआय, एवढेच पुरते. ऐंशी वर्षांच्या, हृदय अशक्त असलेल्या आजोबांना केवळ सिस्ट दिसली म्हणून टेबलावर घेणे बरे नव्हे.

तंबाखूबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. विडी-सिगारेटने स्वादुपिंडदाह आणि स्वादुपिंडाचा कर्करोग या दोन्हींचा धोका वाढतो. पण आपल्या जिल्ह्यांत बायाबापड्या सकाळी दात घासायला मिश्री वापरतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. धूर न होणारा तंबाखू तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाबरोबर स्वादुपिंडाच्याही कर्करोगाला कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. ज्यांना दाहाचा एक झटका येऊन गेला आहे त्यांनी मिश्री, मळलेला तंबाखू आणि दारू, तिन्ही त्याच दिवशी बंद करावीत. पन्नाशीनंतर प्रथमच मधुमेह निघाला आणि त्याबरोबर वजन उतरत असेल, तर तेही डॉक्टरांच्या नजरेस आणावे. अशा वयात नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांत साधारण एकालाच पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो. परंतु वजन घटणे आणि पोटदुखी जोडीला असेल तर शंका बळावते.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात, “आता सुटलो ना?” दुखण्यातून बहुधा सुटतात, तपासणीतून नाही. उरलेल्या स्वादुपिंडात नवी वाढ होऊ शकते, म्हणून फेऱ्या चालूच राहतात. काहींना नंतर इन्सुलिन लागते. काहींचे अन्न, विशेषतः तेल-तूप, नीट पचत नाही. शौच तेलकट, फिकट होते आणि पाण्यावर तरंगते. त्यावर पाचकरसाच्या कॅप्सूल मिळतात. या कॅप्सूल उपाशीपोटी किंवा जेवण झाल्यावर तासाभराने घेतल्या तर वाया जातात. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्ये उरलेल्या, अशा घ्याव्या लागतात. आणि संध्याकाळच्या चहाबरोबर वाटीभर चिवडा खाल्ला तर त्याच्याबरोबरही.